जागा बघायला आलेली माणसं

नाशकाहून दोन गाड्या आल्या, माघात.
नवरीमुलगी, तिची आई, एक मामा,
आणि इव्हेंटवाला, ज्याच्या बुटांत
पहिल्या दहा पावलांतच रेती शिरली.
शेवटपर्यंत तो ती ओतत राहिला.

मी भगवान खवणेकर. बांबू, खुर्च्या, जनरेटर माझे,
म्हणून जागा दाखवायचं कामही माझ्याकडेच.

आधी सड्यावर नेलं.
खाली अख्खा समुद्र, ताटात वाढल्यासारखा.
मामा म्हणाले, वा!
मी म्हटलं, ती ओढणी धरा जरा, अंतरपाट समजून.
दोघांनी दोन टोकं धरली
आणि वाऱ्यानं ती अशी काही मागून घेतली
की दुसऱ्या दिवशी सकाळी रापणीत निघाली, तारल्यांबरोबर.
"हो खंयचो मासो?" म्हणून पोरं हसली.

मग सुरूच्या बनात.
सावली आवडली, खाली पडलेल्या काड्या नाही आवडल्या.
त्या होड्या हलवता येतील का?
एका होडीला बारा माणसं लागतात, म्हटलं,
आणि ती बारा माणसं डिसेंबरात बांगड्यामागे असतात.

मुहूर्त सहा वाजून दोन मिनिटांचा,
मार्गशीर्ष शुद्ध दशमी.
मी बोटांवर तिथीची पाऊणपट केली: साडेसातला भरती.
म्हणजे अक्षता पडताना पाणी चढतं असेल,
पण भांगाचं पाणी, सुस्त, अंगावर न येणारं.
"पौर्णिमेला का नको?" मुलीनं विचारलं. "चांदणं असेल."
पौर्णिमेला सहाला समुद्र घरी नसतो, म्हटलं.
बाराला येतो, आणि थेट पंगतीत बसतो.
ती हसली. चपला हातात घेतल्या
आणि एकटीच चालत सुटली दक्षिणेकडे,
जिकडे मी त्यांना नेलं नव्हतं.

"हीच."

आता खरं सांगायचं तर, हीच.
पाठीशी जुनी उंडी, वारा अंगावर घेणारी.
समोर दोन खडक, मधल्या फटीत
डिसेंबरचा सूर्य अलगद उतरतो.
उधाणाचं पाणी झाडाच्या नऊ हात अलीकडे थांबतं.
गाडीरस्ता नाही. पायवाट आहे,
चार माणसं एक ओझं घेऊन चालतील एवढी रुंद.

इव्हेंटवाल्यानं ड्रोन उडवला.
आईनं डोळे टिपले.
मामा म्हणाले, एवढी जागा,
आणि इथे अजून कुणाचं लग्न कसं नाही लागलं?

मी टेप गुंडाळत होतो.
गुंडाळून झाली तरी गुंडाळत राहिलो.

मग म्हटलं, ताई, इथे आम्ही आमची माणसं जाळतो.

ड्रोन वरच होता. बराच वेळ तेवढाच आवाज.
इव्हेंटवाला हळूच म्हणाला, स्क्रीनवर तसं काही दिसत नाही.
नाहीच दिसणार. श्रावण-भादव्यात समुद्र आत येतो,
नऊ हातांचा हिशेब तेवढ्यापुरता मोडतो
आणि सगळं निपटून नेतो.

"शेवटचं कोण?" मुलीनं विचारलं.
रुक्मा, म्हटलं. माझी मंडळी.

तिथे उभ्या उभ्याच माझ्या ध्यानात आलं,
की आमच्यातल्याही कुणी म्हाताऱ्यानं एकदा
असाच अख्खा किनारा चालून काढला असणार.
वारा कुठचा, पाणी कुठवर, सूर्य कुठे बुडतो,
हेच सगळे प्रश्न. टेप नव्हती इतकंच.
आणि सगळ्यात चांगली जागा त्यानं आधी बाजूला काढली.
लग्नं काय, खळ्यातही लागतात.

ठरलं शेवटी सुरूच्या बनातच.
तीनशे खुर्च्या. काड्या झाडायला चौघीजणी,
त्यांची रोजी वेगळी, हे मी लिहूनच घेतलं.
होड्या जिथे होत्या तिथेच राहिल्या,
इव्हेंटवाल्यानं त्यांना झेंडूच्या माळा घातल्या,
आणि एका माळेवर दुपारी शेळीनं ताव मारला.

नवरीनं आदल्या रात्री एकच निरोप धाडला:
खुर्च्यांची तोंडं थोडी दक्षिणेकडे करा.
इव्हेंटवाला म्हणाला, अहो, सूर्य इतका डावीकडे नाही.

ते तिलाही ठाऊक असणार.
मी मांडल्या.