जात : ———

मोहाच्या खोडावरून चाळीस मुंग्या चालल्या होत्या.
एकोणचाळीसच होत्या.
चाळिसावीचे पाय मोजले दौलत सोनकुसरे यांनी,
आमच्या प्रयोगशाळेचे परिचर,
चष्मा कपाळावर ढकलून, नुसत्या डोळ्यांनी :
"मॅडम, हिले आठ हायेत.
ना पुढचे दोन ते मिशा म्हनून हालवते."

लाखांदूरच्या पुढे, धान कापून झालेल्या बांधीत
मी उलटी छत्री धरून फांद्या झोडपणारी
तासिका तत्त्वावरची बाई.
सायकलवरची पोरं थांबून विचारायची,
पाणी कुठी हाय मॅडम?

अल्कोहोलात सोंग उतरत नाही.
कंबर तशीच बारीक,
डोकं मधेच दबून दोन झाल्यासारखं.
फक्त डोळे कबूल करतात, भिंगाखाली गेले की :
पुढे चार, त्यातले मधले दोन
रात्रीच्या यष्टीच्या दिव्यांसारखे,
त्यामागे दोन, असून नसल्यासारखे,
आणि पार मागे दोन,
पाठीवर कोण येतंय ते बघायला.
कोळीच आहे ही. जाळं न विणणारी.
दौलतभाऊ तिला कातीन म्हणतात,
आणि लगेच : "पन कातत तं नाई. मंग कातीन कायची?"

ओळखकिल्ली म्हणते, जबडा उघडा.
मागच्या कडेला दात एकच असेल तर ते घराणं वेगळं,
दुभंगला असेल तर वेगळं,
रांग असेल तर पान उलटा.
नेमकी तेव्हा वीज गेली.
मोबाइलच्या उजेडात माझी टाचणी थरथरते,
कणीएवढं तोंड, त्याची कड, त्या कडेचे दात,
आणि माझ्या हातात सकाळपासूनचे चार चहा.
त्यांनी टाचणी घेतली.
पोरवयात पवनीला मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून
तुटलेला ताणा थुंकी लावून जोडायचे ते.
श्वास धरला. उघडला. वाकून पाहिलं,
बराच वेळ काहीच बोलले नाहीत.
मग : "हे तं करवतकाठ होय."

सात दात, एकाला एक लागून.
वहीत मी "बहुदंती" लिहिलं,
पण मनात तेव्हापासून दुसराच शब्द आहे.

नर आठ महिने दुसऱ्या कुपीत होता.
त्याचा जबडा उरलेल्या देहाएवढा,
मंडईच्या रात्री दंडारीत राक्षस उभा राहावा तसा.
मी त्याला परका ठरवून
चिठ्ठीही वेगळी लावली होती.
दात मोजले तेव्हा कळलं, नवराच तिचा.
तोंडात दुसरी मुंगी धरून निघालेली मुंगी,
असं त्याचं सोंग.
माझी चूक मीच खोडली, लाल शाईने.

पण नराची खरी ओळख जबड्यात नसते.
तोंडाजवळचे दोन आखूड हात,
त्यांच्या टोकाला बोंड,
बोंडात गुंडाळलेली केसाहून बारीक नळी.
तिचे वेढे मोजायचे, की जात कळते.
डावं बोंड माझ्या हातून तुटलं.
उजवं लवंगाच्या तेलात ठेवलं, रात्रभर खोलीला
दाढदुखीचा वास.
सकाळी दौलतभाऊ कांडीवरचा धागा मोजावा तसे पुटपुटले,
"दोन. ना थोडं वर."

किल्लीत दोन आहे. किल्लीत तीन आहे.
दोन ना थोडं वर, असं कलमच नाही.

म्हणून चिठ्ठीवर पेन्सिलीने :
मोहाचं खोड, जमिनीपासून चार फूट, सकाळ.
शोधणारा : दौ. सोनकुसरे.
प्रजाती लिहिली. जातीपुढे रेघ ओढली.

चिठ्ठी त्यांनी उजेडाकडे धरली.
आपलं नाव दोनदा वाचलं, मग ती रेघ.
त्यांच्या स्वतःच्या कागदांचा गठ्ठा
अठरा वर्षं नागपूरच्या कुठल्याशा कपाटात आहे, मला ठाऊक होतं.
त्यांनाही ठाऊक होतं, मला ठाऊक आहे ते.
"म्हंजे हिचीबी पडताळणी रायली,"
म्हणाले, आणि असे हसले की
कुपीतलं अल्कोहोल हललं,
आणि क्षणभर ती चालल्यासारखी वाटली,
पुढचे दोन पाय उचलून,
मुंगीसारखी.

बूच लावलं. कपाटात खालून दुसरा कप्पा.
पातळी उतरली की ते भरतात, मला न सांगता.