फ्रिज उभाच ठेव

मॉन्ट्रियालमध्ये एक जुलैला अर्धं शहर
उरलेल्या अर्ध्याच्या घरात राहायला जातं.
का, ते रेजाँलाही सांगता येत नाही.
करार तीस जूनला संपतात, म्हणाला, एवढंच.
पहाटे साडेचारला त्याने ट्रकचं दार उघडलं
आणि आधी पाण्याची बाटली हातात दिली,
ओझ्याचा पट्टा नंतर.

तहान लागायची वाट बघू नकोस, विलनेर.
तहान ही दुसरी नोटीस असते,
पहिली आपण वाचलेलीच नसते.
मेणबत्त्या, औषधं, मांजर : ट्रकमध्ये चढवायचं नाही.
बारा ते चार, गिऱ्हाईक राजा असलं तरी, सावली.
आणि फ्रिज उभा. जिन्यात, ट्रकमध्ये, देवाच्या दारातसुद्धा
उभा.

मी हसलो. मी झाकमेलचा,
पत्र्याखाली जन्मलेला,
ऊन मला काय नवीन?
तो म्हणाला, तुमच्याकडे ऊन घरचंच,
त्याच्या झोपायच्या, चिडायच्या वेळा तुम्हाला पाठ.
आमच्याकडे ते पाहुणं.
आम्ही उगाच त्याच्यापुढे छाती काढतो.

मादाम गिस्लेन त्रेपानिए, वय एक्क्याऐंशी,
तिसरा मजला, बाहेरून लोखंडी गोल जिना.
कठड्याला हात लावला की हात म्हणायचा, नको.
सबंध गल्लीत बिऱ्हाडं उघडी पडलेली,
गाद्या, आरसे, कुणाचं तरी न्हाणीघराचं वजनकाटं,
आणि आरशाआरशात एकेक सूर्य.

बारा वाजून गेले.
रेजाँ म्हणाला, फ्रिजच तर राहिलाय.

दुसऱ्या वळणावर त्याने मला नॉर्मां म्हटलं.
नॉर्मां म्हणजे त्याचा भाऊ,
ट्रकवर अजून ज्याचं नाव रंगवलेलं आहे.
माझ्या हनुवटीवरून घाम टपटपत होता.
त्याचं कपाळ कोरडं,
रिकाम्या तव्यासारखं.
नॉर्मां, तो म्हणाला, बर्फ पडायला लागलाय,
जरा जपून.

फ्रिज खाली कसा आला, मला आठवत नाही.
पाठीचा मणका न् मणका मात्र आठवतो.

मेपलखाली मादामचा सोफा होता, त्यावर तो आडवा.
मी फोनवर पत्ता ओरडत होतो.
गाडी निघाली होती, पण रस्ताभर कपाटं.
तेव्हा ही बाई काठी टाकून खोक्यांवर तुटून पडली.
'नाताळ' लिहिलेलं फाडलं : काचेचे गोळे.
'स्वयंपाकघर' फाडलं : गेल्या वर्षीची बिलं.
तिसऱ्यात चादरी.
बत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या धोबीखान्यात होते मी,
ती मला म्हणाली, ओली चादर काय करते ते मला विचार.
शेजाऱ्याचा पाइप मागितला नाही, ओढूनच आणला.
औषधांच्या थंड पेटीतून गोठलेले मटार काढले,
एक पिशवी या काखेत, एक त्या,
आणि मी खोक्याचं झाकण घेऊन वारा घालत राहिलो.
झाकणावर लिहिलं होतं : नाजूक.

फुटपाथवर आमची एक खोली झाली होती,
सोफा, दिवा, गालिचा, भिंती नाहीत.
येणारे-जाणारे वळसा घालून जात होते,
कुणाच्या घरातून गेल्यासारखे, नजर खाली.
गाडी आली तेव्हा तो शिव्या देत होता.
मादाम म्हणाली, छान, भाषा परत आली.

उरलेलं सामान आम्ही सातनंतर चढवलं,
मी आणि शेजारची दोन पोरं.
तिच्या नव्या घरात मांजर आधीच पोचलेलं,
न्हाणीघरात, थंड फरशीवर पसरून.
पैसे मोजून झाल्यावर तिने मटार पुढे केले.
विरघळलेत, आजच संपवावे लागतील.

रात्री भात चढवला, त्यात ते टाकले.
उष्म्याने खिडकीची काचसुद्धा चिकट.
साडेदहाला हॉस्पिटलातून फोन.
आवाज बारीक, पण मालकाचा.

फ्रिज उभाच ठेवला होतास ना?

हो.

लगेच सुरू करू नका म्हणावं. थोडा वेळ जाऊ दे.
मग बराच वेळ नुसता श्वास.
मला वाटलं, आता नॉर्मांबद्दल काही बोलेल.
पाणी प्यालास? त्याने विचारलं,
आणि माझ्या लक्षात आलं की नाही.