वीजवीराच्या पायाशी

साडेपाचला येतो मी, फाटक उघडायच्या आधी.
त्र्यंबक रस्त्यावर तेव्हा फक्त दुधाच्या गाड्या.
हातोडीनं एकेक बोल्ट ठोकत रुळाखालून जातो.
घट्ट असला तर टणकन बोलतो,
सैल असला तर पुटपुटतो.
सातपूरच्या कारखान्यात एकवीस वर्षं हीच भाषा शिकलो.
कारखाना गेला, कान राहिले.

फाटकावर वीजवीर उभा आहे, तीस फुटी, फायबरचा.
छातीवर पिवळी वीज, कमरेवर मुठी.
पाठीवरचा लाल शेला दोन उन्हाळ्यांत गाजरी झाला.
डाव्या काखेत साळुंकीचं घरटं आहे,
ते मी साहेबांना सांगितलेलं नाही.

इथं गाडी रुळावर बसत नाही, रुळाला लटकते,
वटवाघळासारखी. पायाखाली काही नाही.
म्हणून चपला काढायच्या, खणात ठेवायच्या, नंबर लक्षात ठेवायचा.
देवळात शिरावं तसे लोक अनवाणी वर जातात
आणि शिव्या देत परत येतात.

माझी जागा खाली, ब्रेकपाशी.
तिथून तोंडं दिसत नाहीत, तळवे दिसतात.
भेगाळलेले, मेंदीचे, मोज्याची नक्षी उमटलेले,
मोरचुदानं नखं हिरवट झालेले,
नवी जोडवी अजून बोटात रुतणारे.
पहिल्या उतारावर सगळ्यांची बोटं आत वळतात,
फौजदाराची पण.

तो गुरुवार होता. अकरा चाळीसला लाईट गेली.
वीजवीराचीच वीज गेली म्हणून पोरं हसली,
मग हसायची थांबली.
सोळा माणसं चढणीवर, बत्तीस पाय हवेत,
जनरेटर नुसता खोकतोय.
पिंगळे वॉकीटॉकीवर ओरडला : गायधनी, पाणी घेऊन वर जा, लोकांशी बोल.
एकशे बारा पायऱ्या. काय बोलणार?
काही नाही, दोन मिनिटं, काही नाही, म्हणत गेलो.

चौथ्या ओळीत, कडेला, एक उजवी टाच.
टाचेमागे नखाएवढा पांढरा व्रण.

पाच वर्षांची होती. माझ्या सायकलच्या कॅरिअरवर.
पपया नर्सरीच्या चौकात पाय चाकात गेला.
ब्रेक मी दाबला,
पण आधी वळून पाहिलं, मग दाबला.
तेवढ्यात चाक अर्धं फिरलं.

आज तिचं कॉलेज होतं. डब्यात भेंडी मीच भरली होती.
शेजारच्या सीटवर मोठे, मुलाचे पाय,
अंगठ्याचं नख काळं, फुटबॉलवाल्यांचं असतं तसं.
तिचा डावा पाय त्याच्या उजव्या पायाला टेकलेला,
मग हळूच नव्हता.

मी वर पाहिलं नाही.
बाटली वर धरली. घेणाऱ्या हातानं
माझ्या बोटांना लागू दिलं नाही.
दुसरी त्याला दिली. थँक्यू काका, म्हणाला.
आवाज बरा होता. जरा घाबरलेला.
पट्टा घट्ट आहे, मी म्हटलं, सकाळी पाहिलाय मी.
हे कुणाला म्हटलं, माहीत नाही.

मी खाली उतरल्यावर गाडी हलली, बारा पाचला.
मोठ्या वळशात सगळे तळवे आभाळाकडे झाले,
त्यात तिचे मला शोधता आले नाहीत.
ब्रेक वेळेवर दाबला.
वहीत लिहिलं : पंचवीस मिनिटं बंद. कारण वीज. इजा नाही.

रात्री जेवताना हर्षदानं विचारलं,
बाबा, तुमच्या त्या पाळण्यावरून
अंजनेरीचा डोंगर दिसतो का हो?
दिसतो, म्हटलं. एका ठिकाणी उलटा.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तिनं भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं
आणि पाय मांडीखाली ओढून घेतले.