पाण्याचा उतार

टाउनशिपच्या सभागृहात मंगळवारी रात्री
आमचा विषय क्रमांक चार होता.
तीनवर कचऱ्याच्या ट्रकची वेळ,
पाचवर हॅलोविनच्या मिरवणुकीचा रस्ता,
मधे आम्ही:
मक्याच्या शेतालगतची सहा एकर जमीन,
आमच्या मेलेल्यांसाठी.

प्रत्येकाला तीन मिनिटं.
टेबलावर छोटा दिवा. हिरवा, मग पिवळा, मग लाल.

पहिला म्हणाला, रहदारी वाढेल.
(मागे कुणीतरी हसलं. बहुधा आमच्यातलंच.)
दुसरा म्हणाला, यांच्यात शवपेटी नसते म्हणे,
मग आमच्या विहिरींचं काय?
तिसऱ्याने नकाशा आणला होता, निळ्या बाणांनी भरलेला,
सगळे बाण त्याच्याच घराकडे वळलेले.
मुसलमान हा शब्द कुणीच उच्चारला नाही.
सगळे नुसते पाणी पाणी करत होते
तहान लागल्यासारखे.

मग डार्लीन कुख्टा उठली.
एकतीस वर्षं आमच्या पंपावर सकाळची कॉफी,
लॉटरीची दोन तिकिटं,
आणि ती खरवडायला नाणंही बाबांकडूनच.
वीज गेली त्या बर्फाच्या आठवड्यात
बाबांनी तिच्या दारात रॉकेल नेऊन ठेवलं होतं,
वहीत मांडलं नव्हतं.
ती म्हणाली, माझा कुणावर राग नाही.
मॅक फार भला माणूस होता.
मॅक तसला नव्हता.

मॅक म्हणजे माझे बाबा.
मुक्बिल सालेह अल-हुमैदी,
येमेनातल्या इब्बचे, जिथे शेतं डोंगरावरून पायऱ्यांनी उतरतात.
पहिल्याच वर्षी शर्टावर 'मॅक' शिवून घेतलं,
म्हणाले, यांच्या जिभेला कशाला त्रास.
नमाजाची चटई मागच्या गोदामात, सोड्याच्या खोक्यांआड,
दारावर पाटी: पाच मिनिटांत येतो.
एकतीस वर्षं गावाला वाटत राहिलं
या माणसाचं पोट काही बरं नसतं.

विमानं कोसळली त्या सप्टेंबरात
त्यांनी खिडकीत झेंडा लावला,
मग दुसरा, मग प्रत्येक पंपावर एकेक छोटा.
तरी एका सकाळी काच फुटलेली.
काचा झाडताना मला म्हणाले,
तुला शाळेला उशीर होतोय.
एवढंच.

ते गेले तेव्हा जवळ जागा नव्हती.
अडीच तासांवर, टोलिडोच्या पुढे, परक्यांच्या कबरस्तानात मिळाली.
दगडावर मुक्बिल.
त्या नावाचं कुणी आमच्या गावात राहिलंच नव्हतं.
आणि गावाचा मॅक
कुठेच पुरलेला नाही.

माझं नाव पुकारलं, चुकीचं. दिवा हिरवा.
माझ्या हातात मातीचा अहवाल होता.
विहिरी पश्चिमेला, उतार पूर्वेला,
पाणी तुमच्याकडे येत नाही, तुमच्यापासून दूर जातं,
हे वाचून झालं तरी दीड मिनिट उरलं.
आईच्या गुडघ्यांबद्दल बोलायचं होतं:
अडीच तासांनी गाडीतून उतरते तेव्हा
आधी बराच वेळ दार धरून उभी राहते,
मग कबरीकडे निघते.
नाही बोललो.
आईचे गुडघे त्यांच्या फायलीत लावायचे नव्हते मला.
उभा राहिलो नुसता.
पिवळा. लाल.

निर्णय पुढच्या महिन्यावर.

खुर्च्या ज्याच्या त्याने मिटायच्या, अशी इथली पद्धत.
डार्लीनच्या खुर्चीचा खटका अडकला होता,
मी दाबून दिला.
कुठे ठेवलंय रे त्याला, तिने विचारलं.
सांगितलं.
एवढ्या लांब? आणि तुझी आई? ती तर गाडी चालवत नाही.
खरंच वाईट वाटलं होतं तिला.
मी थांबलो, तिच्या चेहऱ्यावर आणखी काही येतंय का बघत.
तिने पर्स उचलली.
उद्या पंप उघडा आहे ना?
साडेपाचला, मी म्हणालो.

गाडीत आई वाट बघत होती.
काय म्हणाले?
पाण्याबद्दल बोलले.
पाणी आहे तर मग तिथे, ती म्हणाली. झाड जगेल.
आणि सीटबेल्ट लावायला
तिने खूप वेळ घेतला.