डाव्या दाराखालचा पत्रा

रास्मुस, फोनवर तू म्हणालास,
गंज वरवरचाच आहे, घासलात की निघेल.
सगळे असंच म्हणतात.

मी बोटाच्या पेराने ठोकत गेले
पुढच्या चाकाच्या कमानीपासून मागे.
पत्रा खणखणीत बोलला तर पुढे सरकायचं,
बद्द वाजला तर खडूची फुली.
संध्याकाळपर्यंत, म्हणजे इथे डिसेंबरात साडेतीनपर्यंत,
तुझ्या आजोबांची मॉस्कविच
देवी येऊन गेलेल्या पोरासारखी दिसायला लागली.

सारेमा बेटावर लोखंड म्हातारं होत नाही.
खाल्लं जातं.
एका अंगाने समुद्र खातो,
दुसऱ्या अंगाने बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर फेकलेलं मीठ.

रंगाचे तीन थर निघाले.
वरचा तुझा निळा,
मग कुणाचा तरी घाईतला पांढरा,
तळाला कारखान्यातला,
साय धरलेल्या चहासारखा.
आणि डाव्या दाराखाली लांबी, बोटभर जाड.
लांबी बघून मी चिडत नाही.
माणसं लाज झाकतात, त्यात नवीन काय.

ग्राइंडर टेकवला.
पत्रा तापला आणि वास आला
माशाच्या तेलाचा,
धुरावलेल्या स्प्रॅटचा.
माझा हात थांबला, चकती फिरत राहिली.
हा वास एकाच कोटाला यायचा.
आई तो कोट घरात घेऊ देत नसे,
बाहेर, लाकडांच्या ढिगावरच्या खुंटीला.

लांबीखाली डब्याचा पत्रा निघाला.
अकरा रिव्हेट, एकेक अंगठ्याच्या रुंदीवर,
शेवटचं तिरकं.
तिरकंच बसायचं त्याचं शेवटचं,
मधलं बोट अर्धं होतं,
उरलेलं डबे मिटणाऱ्या यंत्राने घेतलेलं.

पत्रा उलटा केला.
सोनेरी छपाई, अजून वाचता येणारी:
तेलातले स्प्रॅट, एकशे साठ ग्रॅम,
तेलातले स्प्रॅट, एकशे साठ ग्रॅम,
चार लेबलं शेजारी शेजारी, न कापलेली.
म्हणजे डबा व्हायच्या आधीच
कॅनरीच्या फाटकातून बाहेर पडलेला.
कोटाच्या आत, पाठीला लावून, मला वाटतं.

माझा बाप, एंडेल.
मी नऊ वर्षांची असताना
शाळेच्या सुतारशाळेतून एक खिळा खिशात आला होता,
तर त्याने मला तीन किलोमीटर
बर्फातून परत पाठवलं.
एका खिळ्यासाठी, रास्मुस.

तुझ्या आजोबांनी त्याला काय दिलं असेल?
बटाट्यांचं पोतं? पेट्रोल?
की नुसतंच, शेजारच्या गावचा माणूस, राहू दे म्हणाला?
विचारायला दोघंही नाहीत.

भोवतीचा पत्रा, कारखान्याचा, शिक्क्याचा,
पुरता चाळण झालेला.
गंज रिव्हेटच्या रांगेपर्यंत आला होता
आणि तेलाशी थबकला होता.
चोरीचा तेवढा शाबूत.

तरी मी तो कापला.
कल्हईवर डाग धरत नाही, सांधा फुटतो,
आणि काम म्हणजे काम.
उरलेल्या लोखंडाला आम्ल फासलं.
रात्रभर तांबडं काळं पडत गेलं.
गंज मरत नाही,
काळा पडून गप्प बसतो, एवढंच.
सकाळी टालिनहून आलेला नवा पत्रा बसवला.
डाग काढायला शेवटी डागच द्यावा लागला.
कानस फिरवल्यावर सांधा मलाही सापडेना.

तुला हे काही सांगणार नाही.
बिलात लिहिलंय:
डावं दार, खालचा कोपरा, गंज काढला.
त्यापुढे रक्कम नाही.
विसरले असेन असं समज.

तुझ्या गाडीचा एक तुकडा कमी आहे.
तुला न विचारता काल मी तो घरी नेला,
कोटाच्या आत, पाठीला लावून.
ताठ चालावं लागतं तेव्हा.
बर्फ होता, रस्ता तोच होता,
आणि परत जा म्हणणारं
कुणी नव्हतं.