क्यांथी पकडुं?

आजव्याचं पाणी सोडलं, असं मोबाइलवर आलं
तेव्हा मी कॅलिपर काढून पाय चोळत बसले होते.
कारेलीबागेत तळमजल्यावर राहणाऱ्याला
पाणी आधी दारात दिसत नाही,
आधी मोरीतून बुडबुडे येतात.

मागच्या पुरात चौघांनी उचललं होतं मला,
पोत्यासारखं. भली माणसं होती.
कॅलिपर मात्र खालीच राहिलं.
अकरा दिवस तिसऱ्या मजल्यावर
अमीनांच्या दिवाणावर
मी त्यांची पाहुणी, आणि त्यांचं एक जड सामान.
संडासला जायचं म्हणजे सभा भरायची.

यंदा वरचा विरल आला, एकटाच,
गुडघाभर पाण्यात, दातांत टॉर्च.
तो काढून म्हणाला,
"काकी, क्यांथी पकडुं?"

सदुसष्ट वर्षांत
हे कुणी विचारलं नव्हतं.
मलाच क्षणभर उत्तर सुचेना.
मग सांगितलं: डाव्या काखेखालून.
उजवा पाय ओढायचा नाही, तो मागून येतो त्याच्या चालीनं.
आधी कॅलिपर वर ने. मग गोळ्यांचा डबा. मग मी.

जिन्यावर तीनदा थांबलो.
थांब म्हटलं की थांबला.
खाली अंधारात कुणीतरी ओरडलं, मगर! मगर!
ते कुणाचं तरी टेबल निघालं, उलटं, पाय वर केलेलं.

मला टेकवून तो गच्चीत गेला.
समोर ओक मास्तर राहतात, ठार बहिरे.
त्यांच्या खिडकीवर टॉर्च मारत राहिला,
लाव, विझव, लाव, विझव,
तिकडे एक मेणबत्ती हलेपर्यंत.