चप्पल बाहेर काढा

टॉवेलचा नवा माग ज्या खोक्यातून आला
त्या खोक्याच्या फळ्यांचं ते घर.
एका फळीवर अजून बाण आहे, ही बाजू वर.
छपराखाली श्रावंतीनं ऑइलपेंटनं लिहिलेलं:
घर नं. ०
चप्पल बाहेर काढा.

सात-आठ वर्षं तिथं काय काय शिजलं.
विटेचा चुरा, तिखट म्हणून.
शेंगांच्या टरफलांची आमटी.
पाळी सुटून मी यायचो, कानात अजून धोटा पळत असायचा,
गुडघ्यांवर आत शिरून
दोन-दोन वाट्या हवा प्यायलोय मी.
मीठ कमी आहे म्हणालो
तर रडायची.

यंदा तिची आठवी.
घर आता तिच्या खांद्याला लागतं.
सुगुणा विडीची पानं कातरत होती,
वर न बघताच म्हणाली,
रिकामं कशाला? चार कोडी ठेवू.

रविवारी खिडकी कापून मोठी केली, जाळी ठोकली.
मुंगसासाठी खाली पत्रा.
इरण्णानं भिंतीवरून डोकं काढलं:
काय बे, पोरीचं घर मोडलास?
मोडलं नाही, म्हणालो, भाडेकरू येतेत.

मोडीत निघालेल्या मागाचा रूळ आडवा टाकला.
तीस वर्षं त्याच्यावरनं सूत गेलं,
आता नखं.

आतनं चुना मारायचा होता, पिसवांसाठी.
डाव्या भिंतीवर पेन्सिलच्या रेघा:
पाच वर्षं, सहा, साडेसहा.
(साडे तिनंच घालून घेतलेलं.)
कुंचला तिथवर गेला
आणि वळसा घालून पुढं गेला.
पांढऱ्या भिंतीत एक उभी पट्टी राहिली,
ताग्यात धागा तुटून राहावी तशी.
असला माल आम्ही सेकंडमध्ये टाकतो.

मला काय त्याचं, असं श्रावंतीचं दिवसभर, मोबाइलमधून.

कोंबड्या संध्याकाळी आत जाईनात.
एक स्कूटरच्या हँडलवर, दोन पाण्याच्या टाकीवर,
चौथी सापडेचना.
घरकुलातली लाइट गेलेली,
एप्रिलचा पत्रा रात्री नऊलाही तापलेला.
मी तीऽ तीऽ करत फिरतोय वेड्यासारखा
आणि ही कधी उठली कळलं नाही.
एकेक उचलून, पंख दाबून, नेत होती.
दारात तिच्या चपला, एक उलटी.
आत खांदे अडकले असणार, फळी करकरली.
मग अंधारातून जुनाच, रागीट आवाज:
पाय कुणीच धुतले नाहीत!

मंगळवारी पहिलं अंडं.
भुश्शात नाही, मी ठेवलेल्या टोपलीत नाही,
कोपऱ्यात, मातीच्या चुलीत.
पहिलीत असताना थापलेली तिनं,
मी काढायची विसरलो होतो
किंवा तसं सुगुणाला सांगितलं.

श्रावंतीनं हात घातला.
गरम आहे, म्हणाली.
त्या चुलीतून गरम असं
याआधी काही निघालं नव्हतं.
तेवढ्यात ती घरात पोचलीसुद्धा,
तवा कुठला घ्यायचा यावरून
आईशी तेलुगूत भांडत.